बाळाबाईकडं जेवायला

शाहूपुरीत गुळाची अडत चालवणाऱ्या हंबीररावांचा आवाज असा, की ते दुकानात बोलले तर रस्त्यावरचा गाडीवान बैल आवरून वळून बघायचा. संस्थान विलीन होऊन पाच-सहा वर्षं झाली होती. ऐन सौद्याच्या गर्दीत एके दिवशी त्यांच्या नाकातून रक्ताची धार लागली, डोळ्यांपुढं अंधारी आली आणि ते गुळाच्या ढेपांवरच बसले.

डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळून पारा बघितला. रक्तदाब भलताच वाढला होता. मीठ बंद, मटण बंद, तंबाखू बंद, आणि रोज सकाळी चालायचं. मग ते हंबीररावांच्या बायकोकडं, चिमणाबाईकडं वळले. "यांना धक्का बसेल असं काही कानावर घालू नका. सांभाळा."

हंबीररावांनी मनावर घेतलं. पहिल्यांदा अळणी भाकरी घशाखाली उतरेना. लिंबू पिळून, लसूण ठेचून ती ढकलावी लागे. तंबाखूची चंची त्यांनी धाकट्या भावाला, सयाजीला देऊन टाकली. उजाडायच्या आत रंकाळ्याला जाऊन यायचे. धाकटी बहीण बाळाबाई बिद्रीहून बघायला आली, तेव्हा तीसुद्धा त्यांच्या ताटाला ताट लावून अळणीच जेवली. "त्यात काय एवढं, दादा? गोड लागतंय की," म्हणाली.

असे सहा-सात महिने गेले. डोकं हलकं झालं, जिना चढताना धाप लागेना. आणि बरं वाटायला लागलं तशी जीभ खवळली. आता आपल्याला काय झालंय? एक दिवस तांबडा रस्सा खाल्ला तर काय आभाळ कोसळणार आहे? पण चिमणाबाईच्या स्वयंपाकघरात ते जमणारं नव्हतं. जमलं तर बाळाबाईकडंच. तिनं दादाला कधी कशाला नाही म्हटलं नव्हतं.

वैशाखातल्या एका सकाळी ते फिरायला म्हणून निघाले आणि रंकाळ्याऐवजी एसटी स्टँडवर गेले. बिद्रीवरून जाणाऱ्या गारगोटीच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर त्यांना शाळा चुकवल्यासारखी गंमत वाटत होती.

बिद्रीत बाळाबाईचा नवरा आकाराम सोप्यात दोर वळत बसला होता. हंबीररावांना बघून तो उठला आणि त्यांचे दोन्ही हात धरून उभा राहिला.

"आलासा, पावणं. बरं झालं. अखेर सांगितलं म्हणायचं तुमास्नी."

"काय सांगितलं?" हंबीरराव हसत म्हणाले. "बाळा कुठं हाय? रानात गेलीया व्हय?"

आकारामानं हात सोडले. आतून त्याची सून धोंडुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली होती, ती उंबऱ्यातच थांबली.

"दाजी, बाळा कुठं हाय?"

"ती गेली, पावणं. शिमगा झाला, त्याच आठवड्यात."

हंबीररावांना शब्द ऐकू आले, पण ते आपल्या बहिणीबद्दल आहेत हे काही केल्या डोक्यात शिरेना. शिमगा होऊन दोन महिने उलटले होते. या दोन महिन्यांत ते जेवले होते, झोपले होते, सौद्यात लोकांशी हसले होते.

आकाराम सांगत होता. डोकं तर तिचं कितीतरी वर्षं दुखायचं. फडकं आवळून कामाला लागायची. त्या दिवशी जात्यावर बसली होती. हातात बळ नाही म्हणाली आणि तोंड वाकडं झालं. मुरगूडचा डॉक्टर येईपर्यंत बोलणं गेलं होतं. "तुमचाच रोग म्हणाला त्यो. रक्ताचा दाब."

 हंबीरराव सोप्याच्या कडेला बसले. शेजारी बसून अळणी भाकरी मोडणारी बाळा त्यांना दिसत होती. डॉक्टर तेव्हा गल्लीपलीकडं होता. एकदा तिचाही हात दाखवावा, असं कुणालाच सुचलं नव्हतं.

"तिच्या अंगावर घालायला माहेरचं लुगडं?" त्यांनी विचारलं.

"सयाजीरावांनी आणलंतं. तुमास्नी कळू द्यायचं न्हाय म्हणून हात जोडत हुते."

धोंडुबाईनं पान वाढलं. "मामा, तुमच्यात मीठ घातलं न्हाय. चालंल न्हवं?"

"चालंल," ते म्हणाले. दुःखाच्या घरातून उपाशी उठायचं नाही म्हणून दुधात अर्धी भाकरी कुस्करून त्यांनी खाल्ली.

घरी पोचले तेव्हा चिमणाबाई आणि सयाजी दारातच उभे होते. दिवसभर त्यांनी सारा रंकाळा पालथा घातला होता.

"बिद्रीला गेलतो," हंबीरराव म्हणाले.

 सयाजी भिंतीला टेकला. आता तो आवाज फुटणार म्हणून दोघंही वाट बघत होती. पण हंबीररावांनी हलक्या आवाजात विचारलं, "लुगडं कसलं नेलंतंस?"

"हिरवं. इरकली."

"हिरवंच आवडायचं तिला."

चिमणाबाईचा बांध फुटला. "भावजींस्नी काय बोलू नगासा. मी शपथ घातलीती. डॉक्टरांनी तुमच्यासमोरच सांगितलंतं की. बाळाबाई तर गेल्याच हुत्या. तुमास्नी कशी घालवू?"

"तिच्या मातीला मी न्हवतो, चिमणा."

"व्हय. न्हवता." तिनं डोळे पुसले नाहीत. "पर आज हितं हाईसा."

 पुढं बरेच दिवस हंबीरराव बायकोशी कामापुरतंच बोलले. रंकाळ्याची फेरी मात्र चुकली नाही, आणि मिठाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

एके दिवशी ते सयाजीला घेऊन डॉक्टरांकडं गेले. "आधी ह्याचा हात बघा."

"मला काय झालंय?" सयाजी हसला. "नुसतं डोकं तेवढं दुखतंय कधीमधी."

डॉक्टरांनी पट्टा आवळला, सोडला. मग दुसऱ्या दंडाला आवळला. हंबीरराव त्यांच्या चेहऱ्याकडं बघत होते. डॉक्टर सयाजीला काय सांगणार, ते त्यांना पाठ होतं.

बाहेर आल्यावर सयाजीचा चेहरा पांढराफटक पडला होता. हंबीररावांनी त्याच्या खिशातली चंची काढून घेतली आणि रस्त्याकडंच्या गटारीत टाकली.

"उद्या पहाटे तयार ऱ्हा," ते म्हणाले. "आन् आजपास्नं घरात काय बी झालं, तर पयलं मला सांगायचं."