सात मिनिटं पुढे

आमच्या पंपघरातलं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. ते मीच पुढे केलं होतं, चार वर्षांपूर्वी, आणि त्याची मला एकदाही लाज वाटली नव्हती.

भानगड अशी, की सकाळची पाळी दोनला सुटते आणि कर्मचाऱ्यांची बस दोनच्या ठोक्याला फाटकातून हलते. त्या ड्रायव्हरला दयामाया नाही. पाळी सुटली की कॉम्प्युटरवर नोंद करायची, पुढच्या माणसाला सगळं समजावायचं, मग तीन जिने उतरायचे. तोवर बस गेलेली. पुढची पाऊण तासाने. एक दिवस वैतागून मी कॉम्प्युटरचं घड्याळच सरकवलं. ते मशीन जुनं, बाहेरच्या कशालाच जोडलेलं नाही, त्यामुळे त्याला टोकणारंही कुणी नव्हतं. तिन्ही पाळ्यांना फायदा झाला, म्हणून तिन्ही पाळ्या मूग गिळून बसल्या.

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी दिवे गेले आणि लगेच आले. अर्ध्या मिनिटाचा खेळ, पण पंपांना तेवढा पुरतो. चारही पंप एकदम बसले, पाणी पाइपात उलटं धडकलं आणि मुख्य जलवाहिनी दोन ठिकाणी फुटली. अर्धं शहर कोरडं पडलं. मी खुर्चीतच होते. दिवे आणि पंप एकाच वेळी गेलेले मी या डोळ्यांनी पाहिले. पंप असे आधीही बसलेत. पाइप मात्र पहिल्यांदाच फुटला.

संध्याकाळी घरी टीव्ही लावला, तर तिथे निराळंच चाललेलं. आमच्या मशीनचा छापील तक्ता कुणीतरी बाहेर दिला होता आणि त्याचा फोटो पडदाभर झळकत होता. लाल वर्तुळात पंप बंद पडल्याची वेळ, अकरा सतरा. शेजारी वीज गेल्याची वेळ, अकरा दहा.

"वीज परत आल्यावर पंप व्यवस्थित चालू होते," सुटाबुटातले एक तज्ज्ञ सांगत होते. "मग सात मिनिटांनी चारही एका क्षणात बंद. कुणी केले? विजेच्या त्या झटक्यात शत्रू आत शिरला, त्याने सगळं न्याहाळलं आणि मग बटण दाबलं."

दुसरे तज्ज्ञ म्हणाले, ही सीमेपलीकडच्यांचीच पद्धत. तिसरे म्हणाले, मशीन बाहेर जोडलेलं नाही म्हणता, म्हणजे आतलाच कुणीतरी फितूर असणार. 

"एकदाच काय ती जिरवा म्हणावं त्यांची," आमचे हे सोफ्यावरून म्हणाले. यांना टीव्हीसमोर बसलं की सेनापती झाल्यासारखं वाटतं.

"आपली पोरगी तिकडे आहे," मी म्हणाले.

यांनी आवाज कमी केला. टीव्ही बंद काही केला नाही.

लेक सीमेपलीकडे दिली, तेव्हा दोन्हीकडून रोज गाड्या धावायच्या. आता गाड्या बंद, फक्त फोन तेवढा लागतो. तीन आठवड्यांपूर्वी ती बाळंत झाली, दोन महिने आधीच. नात अवघी बाराशे ग्रॅमची. तिला काचेच्या पेटीत ठेवलीय, पेटी विजेवर, श्वासाचं यंत्रही विजेवर. तिचा चेहरा मी फोनवर पाहिलाय, माझ्या मुठीएवढा.

आणि मंगळवारी सकाळपासून सगळ्यांच्या तोंडी एकच. त्यांनी पाणी तोडलं, आपण वीज तोडू. मी रजा टाकून घरीच होते, तरी जिन्यात तेच, टँकरच्या रांगेत तेच. ज्यांना घरचा फ्यूज बदलता येत नाही, ते शत्रूचं वीजकेंद्र कसं पाडायचं ते सांगत होते. मंत्र्यांनी म्हणे सांगितलं, उत्तर दिलं जाईल आणि ते वीजतारांतून जाईल.

तेव्हाच मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. घाबरले होते, दुसरं काही कारण नाही. सोमवारी बोलले असते तर नोकरी गेली असती. मंगळवारी वाटलं, आता बोलले तर तो फितूर म्हणजे मीच ठरणार. पोलीस दारात येतील, शेजारी बघतील. बाराशे ग्रॅमचं लेकरू तिकडे पेटीत, आणि मी माझ्या अब्रूचा विचार करत होते.

दुपारी लेकीचा फोन आला.

"आई, इथे लोक डिझेल आणि पाणी भरून ठेवतायत. सासूबाई देवासमोरून उठत नाहीत. करतील का गं खरंच?"

"छे, नुसत्या बाता. तू जेवलीस का?"

"दवाखान्यात जनरेटर आहे. पण सहाच तास चालतो म्हणाले."

"त्याची वेळच नाही यायची," मी म्हणाले. फोन ठेवला आणि न्हाणीघरात जाऊन कोरड्या नळासमोर रडले.

बुधवारी मोठे साहेब साडेआठला आले, तशी पंपघरात न जाता थेट त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सगळं ओकून टाकलं. बस, घड्याळ, सात मिनिटं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हे तुम्ही मला सांगितलंच नाहीत असं समजू का?"

"नाही साहेब. वर कळवा. आत्ता."

त्यांना ते मुळीच नको होतं. पण कळवलं, हे त्यांचं मोठेपण. तासाभरात चौकशी अधिकारी आली. माझ्या लेकीच्या वयाची, केस घट्ट बांधलेले, हातात वही. आम्ही तिघं पंपघरात गेलो. मशीनवर आमचा रेडिओ बसला होता. त्याला रेडिओ म्हणतात, कारण पाळीभर त्याचं तोंड बंद नसतं. दुपारच्या पाळीचा माणूस, पण पाइप फुटल्यापासून बिचारा डबल पाळी करत होता.

"हे बघा," मी पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. "ताडून बघा तुमच्या घड्याळाशी."

अधिकारीबाईंनी मनगट वर केलं. नऊ बेचाळीस. पडद्यावर नऊ बेचाळीस.

मी परत वाचलं. नऊ बेचाळीसच.

"आम्ही सोमवारी संध्याकाळी आल्याबरोबर हेच आधी तपासलं होतं," ती शांतपणे म्हणाली. "तेव्हाही घड्याळ बरोबरच होतं. म्हणून तर तक्त्यातल्या वेळेवर सगळ्यांचा विश्वास बसला."

मी रेडिओकडे पाहिलं. तो कीबोर्डकडे बघत होता. एवढ्या वर्षांत त्याला मी पहिल्यांदाच गप्प पाहिलं, आणि मला सगळं कळलं. सोमवारी दोनला मी गेले, हा खुर्चीत बसला, चौकशीवाले येणार असं कळलं आणि यानं घड्याळ मागे घेतलं. तक्ता त्याआधीच छापून झाला होता.

"सांग ना रे यांना," मी म्हणाले. "तुझ्या पाया पडते. सांग, सात मिनिटं पुढे होतं म्हणून."

 त्याला दोन शाळकरी पोरी आहेत, म्हातारी आई आहे.

"घड्याळ बरोबरच असतं मॅडम," तो अधिकारीबाईंना म्हणाला. "नेहमीच."

तिने वहीत काहीतरी लिहिलं. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, तिचा माझ्यावर विश्वास बसला होता.

"मी तुमचं म्हणणं पाठवते. मशीन उघडून तपासावं लागेल, त्याला दोन दिवस जातील. तुम्ही हे सोमवारी मला सांगितलं असतंत, तर तिथल्या तिथे संपलं असतं."

"आज थांबवा म्हणावं. एक दिवस थांबा म्हणावं फक्त."

"ते माझ्या हातात नाही," ती म्हणाली, आणि कुणाच्या हातात आहे ते तिलाही माहीत नसावं.

साहेबांनी मला घरी जायला सांगितलं. रेडिओ जिन्यापर्यंत मागून आला.

"ताई, तुमच्यासाठीच केलं होतं हो. तुमच्यावर बालंट येऊ नये म्हणून."

मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली. पण तो खोटं बोलत नव्हता. खरंच माझ्यासाठीच केलं होतं त्यानं. मी जिना उतरले. बस मिळाली.

दुपारी चारला नळाला पाणी आलं. इमारतभर भांड्यांचे आवाज. पाच वाजून वीस मिनिटांनी खालच्या मजल्यावरून टाळ्या ऐकू आल्या. मी टीव्हीपाशी गेले नाही. हे बाहेर आले, दाराची चौकट धरून उभे राहिले. चेहरा पांढराफटक.

"तीन शहरं," हे म्हणाले. "तिचंही."

मी फोन लावला. नाही लागला. परत लावला. अकराव्यांदा की बाराव्यांदा तिनेच उचलला.

"आई, दिवे गेले. जनरेटर सुरू केलाय, पण एकाच खोलीपुरता. अकरा पेट्या आहेत त्या खोलीत. आम्ही सगळ्या आया जमिनीवर बसलोय." तिचा आवाज अगदी हळू होता, लहानपणी ताप आल्यावर यायचा तसा. "इथे सगळे म्हणतायत, आपल्याकडून काहीच झालं नव्हतं. आई, तुमच्या पाण्याचं इकडच्यांनी खरंच काही केलं नव्हतं का गं?"

"नाही. काहीच केलं नव्हतं बाळा."

"तुला कसं माहीत?"

मग मी सांगायला लागले. बस, ड्रायव्हर, तीन जिने. सात मिनिटं. सोमवारी गप्प बसले, मंगळवारी गप्प बसले, तुझ्याशी खोटं बोलले. थांबलेच नाही. थांबले असते तर परत सुरू करता आलं नसतं. सगळं सांगून झालं आणि मी वाट बघत राहिले, ती काय म्हणते त्याची. पलीकडून काहीच येईना. लाइन कधी तुटली, तिने कुठवर ऐकलं, काही कळायला मार्ग नव्हता.

हे अजून चौकटीत उभे होते. यांनी सगळं ऐकलं होतं. जवळ आले नाहीत.

मी भिंतीकडे पाहिलं. पाच पस्तीस. वीज पाच वीसला गेली असेल तर अकरा वीसपर्यंत जनरेटर.

"अहो," मी विचारलं, "हे घड्याळ बरोबर आहे ना?"