शालनताईंनी आधीच सांगितलेला ताप

सरकारी दवाखान्यातल्या नर्स शालनताई दिसण्याआधी त्यांच्या लशीच्या थर्मासमधल्या बर्फाची किणकिण ऐकू यायची. कार्तिकातलं पिवळसर ऊन कापणी झालेल्या खाचरांवर निवांत पसरलेलं असायचं आणि बांधावरून ती किणकिण वाडीकडे येत राहायची. उल्हासनगरहून बदलापूर, तिथून एसटीने बारवी धरणाच्या अलीकडे आणि पुढे पायी, असा त्यांचा प्रवास. बाई मोठी तापट, पण बाळाला हात लावण्याआधी दोन्ही तळवे चोळून ऊन करून घेणारी. मला त्या फार आवडायच्या.

पण त्या वर्षी वाडीची दारं त्यांना बंद झाली होती. चूक त्यांचीच होती. आदल्या खेपेला, आया घाबरू नयेत म्हणून, त्या बोलून गेल्या होत्या की सुईने काहीसुद्धा होत नाही. संध्याकाळपर्यंत शेजारच्या घरातलं लेकरू तापाने फणफणलं, आणि मग सरकारी सुईबद्दल नाही नाही ते बोललं जाऊ लागलं. माझी लेक तेव्हा चार महिन्यांची होती. माझ्या सासूबाईंनी एक मूल डांग्या खोकल्यात गमावलं होतं, तरी त्याच खोकल्यावरची सुई नातीला नको म्हणून त्या हटून बसल्या होत्या. दोन भयांच्या मध्ये मी उभी होते, आणि घरात सुनेला विचारतो कोण!

शालनताईंनी त्या दिवशी थर्मास उघडलाच नाही. शाळेच्या ओसरीवर त्या सगळ्यांसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मी खोटं बोलले. ताप येतो. मांडीला गाठ येते. दोन दिवसांत उतरतो."

आमचे चुलतसासरे दगडूकाका फटकन म्हणाले, "मंग सुईचा गुन येतो त्याला पुरावा काय?"

"डॉक्टरसाहेबांचा कागद आहे, पण तुमचा त्यावर विश्वास नाही. माझ्यावरही आज नाही. निदान ताप सांगते तसा येतो का, ते तरी बघा."

"आनी ताप नाय उतरला तं तू कुठं असशील?" सासूबाईंनी विचारलं.

"इथेच. उतरेपर्यंत जात नाही."

शालनताई बौद्ध घरातल्या; तोवर आमच्याकडे त्यांना पाणी मिळायचं तेही ओट्यावरच, वेगळ्या तांब्यातून. ही लाजिरवाणी गोष्ट मी मुद्दाम लिहून ठेवते आहे. सासूबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "मंग आमच्या घरात रा."

लेकीला सुई दिली. दिवस मावळायच्या आत तिचं अंग तापलं, मांडीला सुपारीएवढी गाठ आली, आणि सासूबाई अंगणात जाऊन आनंदाने ओरडल्या, "बाय बोलली तसाच ताप आला गो!" तापाने एवढा हरखलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. शालनताई आमच्या चुलीपाशी बसून पटकुरं भिजवून देत होत्या, मध्येच माझ्यावर डाफरत होत्या, आणि मला इतकं हायसं वाटत होतं की ते डाफरणंही गोड लागत होतं. दुसऱ्या दिवशी उन्हं कलताना लेक गार झाली आणि भुकेने रडू लागली. शालनताई निघाल्या तेव्हा ओसरीवर चार आया पोरं कडेवर घेऊन उभ्या होत्या.

पुढच्या दोन्ही सुया लेकीने घेतल्या, आणि डांग्या खोकला आमच्या घरी पुन्हा आला नाही. दगडूकाका अखेरपर्यंत म्हणत राहिले की तो सुईमुळेच आला नाही कशावरून. त्यांचं तरी काय चुकलं? आलेल्या दुखण्याची तिथी घरोघर लक्षात असते, न आलेल्याची कोण ठेवतं? काळ पुढे सरकला, शालनताईंची कुठेतरी बदली झाली आणि त्यांचा चेहराही आता मला धड आठवत नाही. पण हिवाळ्यात नातवंडं एका रांगेत झोपलेली असतात आणि घरात कुणीच खोकत नसतं, तेव्हा ती शांतता मला त्यांचीच वाटते.