सारजाचा कौल

दुपारी वाचायची पानं उषाबाई सकाळीच एकदा नजरेखालून घाली. ज्वारी राखायला माच्यावर बसायचं, गोफण हाताशी आणि पुस्तक मांडीवर. पन्नाशी उलटल्यावर साक्षरतेच्या वर्गात अक्षरं शिकलेली बाई ती. जोडाक्षर आलं की जीभ अडायची आणि बायका खुदुखुदु हसायच्या, म्हणून ही आधीची तयारी. त्या बुधवारी मात्र पाखरं कणसांवर बसून दाणे टिपत राहिली आणि उषाबाईला गोफण उचलायचं भान राहिलं नाही. पुस्तकातली सारजा मेली होती.

दीड महिना कौसल्येच्या अंगणात ती कादंबरी चालली होती. बायका बोंडांतला कापूस काढत बसायच्या आणि उषाबाई वाचायची. गावात पोथीशिवाय दुसरं पुस्तक कोणी मोठ्यानं वाचलेलं नव्हतं, त्यामुळे पहिल्याच दिवशी कौसल्येनं त्याला हळदकुंकू लावलं. शेजारच्या मैमूनानं घरातली तिवई आणली. म्हणाली, "किताब जमिनीवर नको, आक्का."

"अगं, ही पोथी न्हाई. कुणीतरी मनानं रचलेली गोष्ट हाय," उषाबाईनं सांगून पाहिलं.

"पोथीबी कुणीतरी लिव्हलेलीच असती की," म्हातारी सोनूबाई म्हणाली, आणि विषय संपला.

मग पोथीचे सगळे नियम आले. अध्याय अर्धा सोडायचा नाही, वाचन एक दिवसही चुकवायचं नाही. सारजा तर घरचीच झाली. सासूनं तिला उपाशी ठेवलं त्या दिवशी सोनूबाईनं त्या सासूला अशा शिव्या दिल्या की रस्त्यानं जाणारा माणूस थबकला. सारजाला दिवस गेले तेव्हा मैमूनानं गूळ वाटला.

इथवर सगळं गमतीचं होतं. पण कौसल्येची लेक प्रभावती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ पोटात आडवं होतं. जालन्याच्या डॉक्टरीणबाईनं तपासून सांगितलं होतं की गुरुवारपर्यंत आणून भरती करा, पोट चिरून बाळ काढावं लागेल. जावई ऊसतोडीला गेलेला. कौसल्येचा नवरा, कारभारी, बायकोच्या शब्दाबाहेर नव्हता. आणि कौसल्या चाकूचं नाव काढलं की थरथरायची. शेवटी तिनं चार दिवसांपूर्वी सगळ्यांसमोर पुस्तकावर सुपारी ठेवली.

"म्या कौल लावलाय," ती म्हणाली. "सारजा सुखरूप सुटली तर प्रभाला जालन्याला न्हेईन. सारजा गेली तर न्हाई न्ह्यायची. मंग जे व्हायचं ते घरात होऊ दे, लेकराला चिरून तरी मारणार न्हाई."

उषाबाईनं खूप समजावलं. कौसल्येनं ऐकलं नाही.

आता माच्यावर बसून उषाबाईनं ते पान पुन्हा बोट ठेवून वाचलं. खोटं वाचायचं? तिच्या दिरानं एकदा तिला कागद असाच वाचून दाखवला होता. लिहिलेलं एक, वाचलेलं दुसरं. तिनं अंगठा दिला आणि दोन एकर रान गेलं. त्याच रागानं ती वर्गात जाऊन बसली होती. आपण वाचू ते लिहिल्याबरहुकूम वाचू, हा तिचा ताठा होता. पण ताठ्यापायी एकोणीस वर्षांची पोर घालवायची? माच्यावरून खाली उतरेपर्यंत तिचं ठरलं होतं. सारजा जगणार.

दुपारी अंगण भरलं. प्रभावती भिंतीला टेकून बसली होती. पाय सुजलेले, ओठ कोरडे. मैमूना तिच्यासमोर बोंडांतला कापूस काढत होती.

"चल आक्का, जल्दी," सोनूबाई म्हणाली. "त्या सारजाला कळा सुरू करून तू काल उठून गेली. रातभर माझंच पोट दुखलं."

बायका हसल्या. कौसल्या हसली नाही. तिनं पुस्तकावरची सुपारी उचलून मुठीत धरली.

उषाबाईनं वाचायला सुरुवात केली. पहिलं पान जसंच्या तसं वाचलं. सारजाच्या कळा, सासूचं दार लावून घेणं. पान उलटलं. सगळ्यांचे हात थांबले होते.

"मंग... मंग सारजाच्या नवऱ्यानं गाडी जुंपली," उषाबाई म्हणाली. "नदी उतरून ते पलीकडं गेले. दवाखान्यात सारजाला मुलगा झाला. दोघंबी सुखरूप..."

"या अल्ला!" मैमूनानं कापूस उडवला. सोनूबाईनं डोळे पुसले. एक जण साखर आणायला उठली.

"आक्का," कौसल्या म्हणाली.

साखर आणायला उठलेली बाई दारातच थांबली.

"तुझं बोट का थांबलं?"

उषाबाईनं खाली पाहिलं. ओळीवरून बोट सरकवल्याशिवाय तिला वाचता येत नसे, हे अंगणातल्या प्रत्येकीला ठाऊक होतं. बोट पानाच्या पहिल्याच ओळीवर रुतून बसलं होतं.

"अगं, ते पाठ झाल्तं..."

"आक्का, माझ्या लेकीच्या जिवाचं हाय हे." कौसल्येनं तिचं मनगट धरलं. पकड लोखंडासारखी होती. "वाच. बोट ठिवून वाच. न्हाईतर मैमूनालाबी चार अक्षरं येतात, तिला वाचाया लावते."

मैमूना पुढं सरकली, पानावर नजर टाकली. तिचा चेहरा उतरला. तेवढं पुरे होतं.

उषाबाईनं बोट ठेवलं आणि वाचलं. सासूनं दोन दिवस सारजाला बाजेवरून हलू दिलं नाही. आमच्या घरात बायका घरीच बाळंत होतात, म्हणाली. तिसऱ्या दिवशी सारजाची शुद्ध गेली तेव्हा बाज उचलली. नदीवर नाव पलीकडच्या काठाला होती. हाका मारमारून नवऱ्याचा घसा बसला. वाळूतच लेकरू झालं. लेकरू रडलं. सारजानं ते ऐकलं नाही.

सोनूबाईनं कपाळावर हात मारून घेतला आणि घरातलं माणूस गेल्यासारखा सूर लावून रडू लागली. मैमूना पदर तोंडात कोंबून हुंदके देत होती. प्रभावती रडत नव्हती. ती आईकडे बघत होती.

कौसल्येच्या हातातून सुपारी गळाली.

"संपलं," ती पुटपुटली. "कौल आला."

"कौसल्ये, ऐक माझं..."

"दोन दिस?" कौसल्या एकदम ओरडली. "दोन दिस बाजंवर पडू दिली तिला? त्या रांडंला दिसत नव्हतं का? लेकरू आडलंय, पोर तडफडून राह्यली, अन् ही म्हणती घरातच! म्या असते तर त्या थेरडीच्या झिंज्या धरून भाईर काढली असती! पाठीवर घालून नदी उतरले असते! अगं, एवढा उशीर कुणी..."

तिचं बोलणं तिथंच तुटलं. बोलता बोलता तिनं भिंतीकडे पाहिलं होतं, आणि भिंतीला टेकलेली तिची लेक तिच्याकडे बघत होती.

सोनूबाईचं रडणंही थांबलं.

"माय," प्रभावती हळूच म्हणाली, "सकाळपासून कंबर दुखून राह्यली. भ्यावानं सांगितलं न्हाई."

कौसल्या उठली. मांडीवरची बोंडं सगळ्या अंगणभर सांडली.

"मैमूना, तुझ्या लेकाला, मुबारकला, म्हणावं जीप काढ. आत्ताच्या आत्ता. सोनूकाकी, आमच्या कारभाऱ्यांना हाक मारा, रानात असतील."

"अन् कौल?" सोनूबाईच्या तोंडून निघून गेलं.

"मसणात गेला कौल," कौसल्या म्हणाली, आणि मग स्वतःच्याच बोलण्याला भिऊन तिनं दोन्ही हातांनी कान धरले. पण थांबली नाही. गोधडी काढायला घरात पळाली.

जालन्याच्या वाटेवरचं तीर्थपुरी गाव मागे पडलं. खड्डा आला की प्रभावती दात आवळायची. तिचं डोकं कौसल्येच्या मांडीवर होतं, पाय उषाबाईच्या. पुढं कारभारी मुबारकला "हळू" म्हणत होता आणि लगेच "जल्दी" म्हणत होता.

"आक्का," कौसल्येनं विचारलं, "सारजाचं ते लेकरू... ते तरी वाचलं का पुढं?"

"ठाव न्हाई, बाई. सारजा गेली अन् म्या पुस्तक मिटलं. पुढचं वाचलंच न्हाई."

कौसल्येनं तिच्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं. खरं बोलते का खोटं, हे ताडून बघत होती.

"मंग वाचूबी नको," ती म्हणाली. "आधी हिचं होऊ दे."