एसी कुणाच्या हातून गेला

भांडी घासायच्या पातळ साबणाची बाटली. पण ती ओट्यापाशी नाही, हत्यारांच्या पिशवीत.

“टीचर, तुमच्या घरात ट्रक उभा आहे का?”

सत्तरी ओलांडलेला माणूस. एक पाय गॅलरीत, एक पाय बाहेरच्या छज्ज्यावर, ओठांत दोन स्क्रू धरलेले, आणि त्याच ओठांनी शीळ वाजवायचा प्रयत्न चाललेला.

बेकरीवाला फोनवर: “मिस्त्री, या हो लवकर, केक घाम गाळायला लागलेत.”

नट ढिला करायला पाव फेरा पुरतो.

या घरात बाहेरचा डॉक्टर आला, बाहेरचा सुतार आला, एकदा तर चोरही येऊन गेला. बाहेरचा एसीवाला कधी आला नाही.

*

घर लेकीचं. ती हॉलच्या कोपऱ्यात कॉम्प्युटरपुढे बसून लांबलांबच्या मुलांना गणित शिकवायची. बाबा एसीचे मिस्त्री. काम कमी केलेलं, सोडलेलं नाही; बेकरी, दवाखाना अशी जुनी चार गिऱ्हाइकं अजून त्यांच्याशिवाय कुणाचा हात मशीनला लागू देत नसत. आणि तिचा नवरा सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा, आणि बापलेकीच्या मध्ये पडायचा नाही. हा त्याचा सगळ्यात मोठा गुण होता, आणि भांडणात तोच त्याचा सगळ्यात मोठा दोष ठरायचा.

हॉलमधला एसी बाबांनीच बसवलेला. उन्हाळा तोंडावर आला की ते तो उघडत. जमिनीवर वर्तमानपत्रं पसरत, त्यावर पंखा, जाळ्या, स्क्रू ओळीने मांडत, आणि मग दोन दिवस हॉलमधून कुणी पाय न आपटता चालायचं. एसी गारही करायचा, अगदी मन लावून करायचा. पण आवाज! आधी घरघर, मग खडखड, मग जरा दम खाऊन पुन्हा घरघर. बाबा म्हणायचे, “बोलतोय तो. बोलणारा माणूस बरा, घुम्यापेक्षा.”

तिला नवीन हवा होता.

पण हे मनातल्या मनात, फार तर नवऱ्यापाशी. बाबांपुढे “एसी म्हातारा झाला” म्हणायला तिची जीभ रेटत नव्हती. वाक्य तोंडापर्यंत यायचं आणि तिथून चहाचं काहीतरी होऊन बाहेर पडायचं: “बाबा, चहा टाकू?” स्वतःला ती छज्ज्याचं कारण द्यायची. या वयात बाहेर लोंबकळतात, एखादे दिवशी पाय निसटेल. ते खोटंही नव्हतं. पण त्या दुपारी, बाबा आत घोरत असताना, तिने त्यांच्या पिशवीतून नट फिरवायचे दोन पाने काढले तेव्हा तिच्या डोक्यात छज्जा नव्हता. एसीच्या आवाजाला ट्रक म्हणणारा मुलगा होता, आणि त्याच्यामागून हसलेला अख्खा वर्ग.

मशीन छज्ज्यावर, पण नळ्यांचे नट गॅलरीतून हात लांब केला की लागायचे. आणि ते कसे फिरवायचे हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. शाळेत असल्यापासून ती बाबांची बॅटरी धरत आलेली. एका पान्याने मागचं घट्ट धरायचं, दुसऱ्याने नट फिरवायचा, नाहीतर तांब्याची नळी पिळली जाते. तिने तसंच केलं. नळीला जराही धक्का लागू दिला नाही. गुन्हासुद्धा बापाने शिकवल्यासारखा नीट केला.

बेत साधा होता. गॅस हळूहळू निघून जाईल, एसी गार करेनासा होईल, मग ती नट गुपचूप परत आवळून टाकेल. बाबा तपासतील, गळती कुठेच सापडणार नाही, आणि ते स्वतःच म्हणतील, थकला गं बिचारा, आता नवीन बघा.

एवढंच त्यांनी म्हणावं, ही तिची अपेक्षा.

*

एसी खरंच गार करेनासा झाला. तिने काय करावं? आकडा खाली आणला. आणखी खाली आणला. उकडत होतं, वर्ग चालू होता, रिमोट हातात होता. तिकडे मशीन पोटात गॅस नसताना दिवसदिवस धावत राहिलं. मशीनची खडखड मात्र कमी झाली. ते तिला बरंच वाटलं, खोटं कशाला बोला.

नट आवळायला ती आज जाईन, उद्या जाईन करत राहिली. बाबा दुपारी झोपले की तिचा वर्ग, वर्ग संपला की बाबा जागे.

मग एका दुपारी बाबा झोपलेच नाहीत.

ती मुलांना अपूर्णांक शिकवत होती. “समजा, एका भाकरीचे चार भाग केले.” तिच्या पाठीमागे गॅलरीचं दार सरकलं. साबणाची बाटली पचकन दाबल्याचा आवाज आला. तिला माणूस न बघता कळत होतं काय चाललंय: साबणाचा फेस नटाभोवती लावायचा आणि डोळे बारीक करून बघत बसायचं. गळती असेल तर फुगा येतो.

“टीचर, चारातला एक म्हणजे पाव ना?”

“हो, पाव.”

“चिमे,” मागून हाक आली. वय वाढलं तरी बाबांसाठी ती चिमीच. “चिमे, जरा ये.”

“वर्ग चालू आहे, बाबा.”

“येच.”

ती मुलांना दोन गणितं देऊन उठली. बाबांनी नटावर दोन बोटं ठेवली आणि तो फिरवला. पाना नाही, काही नाही. नुसत्या बोटांनी फिरला.

“हा मीच लावलेला,” ते म्हणाले. “या उन्हाळ्याआधी. मीच आवळला म्हणून सोडून दिला, आणि आवळलाच नव्हता.”

हीच वेळ होती. गॅलरीत दोघंच होती, खाली रस्त्यावर कुणी गाडी मागे घेत होतं, आणि बोलायला चार शब्द लागले असते.

“असतं हो असं,” ती म्हणाली. “एवढं काय!”

*

बाबांनी मीटर लावून बघितलं. कॉम्प्रेसर जळला होता.

संध्याकाळी तिघं टेबलाशी बसली. नवरा नुकताच आलेला, शर्टाच्या पाठीला घामाचा नकाशा.

“आता काय करायचं?” त्याने विचारलं.

“जावईबापू, फेकून द्या,” बाबा म्हणाले. “नवीन घ्या.”

“का?” ती म्हणाली. “कॉम्प्रेसर बदलता येतो. तुम्हीच कितीजणांचे बदललेत.”

“मी बदललेत. आता मी बदलणार नाही.”

“मग दुसऱ्याकडून बदलून घेऊ.”

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. “तूच तर म्हणायचीस, हा डबा कधी जातोय...”

तिने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला. तो गप्प झाला, पण जे सांडायचं ते सांडलं होतं.

“बरोबरच म्हणायची,” बाबा शांतपणे म्हणाले. “तो अजून दोन उन्हाळे चालवला असता मी. पण ज्याच्या हातून नट ढिला राहतो, त्याने दुसऱ्याच्या घरात पाना घेऊन शिरू नये. गॅस गेला, एसी गेला, ठीक आहे. घरचाच होता. उद्या दवाखान्यात असं केलं तर?”

“बाबा, एक नट! एका नटावरून एवढं?”

“नटावरूनच असतं सगळं, चिमे. आमच्या धंद्यात दुसरं असतं काय?”

ते चहा पीत होते. कप दोन्ही हातांनी धरला होता. तिने बघितलं आणि आपल्या कपाकडे नजर वळवली.

*

पुढचे दिवस.

दुकानात नवऱ्याबरोबर नवीन एसी बघणं. विक्रेता प्रत्येक मशीनखाली उभा राहून सांगतो, “मॅडम, आवाज ऐका. येतोय? येणारच नाही!” ती ऐकते. खरंच येत नाही. नवरा म्हणतो, “हाच घेऊ?” ती म्हणते, “अजून एकदा विचार करू.” कसला विचार, हे त्याला कळत नाही, आणि त्याचा गुण म्हणजे तो विचारत नाही.

बाबा सकाळचं दाढी करणं लांबवतात.

बाबा साखर ढवळताना चमचा कपाच्या कडेला वाजतो तर थांबतात, हाताकडे बघतात, परत ढवळतात.

हॉलमध्ये पंखा गरम हवा एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर टाकतो. मुलं म्हणतात, “टीचर, आज ट्रक गेला वाटतं!” आणि ती हसते, हसावंच लागतं.

बेकरीवाल्याचा फोन. बाबा स्पीकर लावूनच बोलतात, त्यामुळे घरभर ऐकू येतं.

“मिस्त्री, केकचं थंड कपाट पुन्हा रुसलंय. कधी येताय?”

“दुसरा बघा आता. माझा हात राहिला नाही.”

“चेष्टा करताय राव! भाव वाढवायचा असेल तर सरळ सांगा की.”

“चेष्टा नाही. घरचा नट मी ढिला सोडला. एसी जाळला लेकीचा.”

पलीकडची चेष्टा थांबते. मग बेकरीवाला हळू आवाजात, “होतं हो, मिस्त्री. वय झालं आपलं,” म्हणतो. समजूत घालायच्या सुरात. आजवर तो बाबांशी कधी त्या सुरात बोलला नव्हता.

बाबांनी फोन ठेवला, पिशवी खाटेवर उपडी केली आणि एकेक हत्यार पुसायला बसले. “जावईबापूंना विचार,” ते म्हणाले, “त्यांच्या ऑफिसात कुणी धडपड्या असेल तर देऊन टाकू. गंजून जातील नाहीतर.”

तेव्हा ती बोलली. उंबऱ्यात उभी राहून, एका दमात.

“बाबा, तो नट मी ढिला केला.”

त्यांनी वर पाहिलं आणि चक्क हसले. कितीतरी दिवसांनी.

“वेडी आहेस,” ते म्हणाले. “ये, बस.”

“खरंच सांगते. तुम्ही झोपला होतात. मीच पाने काढले.”

“लहानपणी माझ्या हातून बरणी फुटली की तुझ्या आईपुढे जाऊन म्हणायचीस, मी फोडली. तीच खोड अजून.” ती खाटेजवळ आली तसं त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. “मला बरं वाटावं म्हणून एवढं मोठं खोटं नको बोलूस. मी काही रडत नाहीये.”

तिने हात सोडवून घेतला. खोटं बोलली तेव्हा ते पचलं. खरं बोलली तर लाडकी लेक ठरली. क्षणभर, अगदी क्षणभर, तिला वाटलं की असू दे. सांगायचं ते सांगून झालं. त्यांना पटलं नाही, त्याला मी काय करू? हे किती सोयीचं आहे हे लक्षात आलं, आणि तिला स्वतःची किळस आली.

तिने खाटेवरचे दोन पाने उचलले. “चला गॅलरीत.”

“अगं, कशाला?”

“चला म्हणते ना.”

तिने दुसऱ्या, जाड नळीचा नट निवडला. तो बाबांनी आवळलेला होता, कुणी हात न लावलेला, आणि आत आता जायला गॅसही उरला नव्हता. कठड्यावरून वाकली. एक पाना मागे लावला, मनगट शरीराला टेकवलं. दुसरा पुढे. खांद्यातून नाही, कोपरातून जोर दिला. नट करकचून बसलेला होता. तिला दोनदा दम घ्यावा लागला. मग तो कुरकुरला आणि पाव फेरा फिरला. नळी जागची हलली नाही.

बाबा बघत होते. त्या नटाकडे, मग तिच्या मनगटाकडे.

“हा घट्ट होता,” ती धापा टाकत म्हणाली. “तोही असाच होता. दोन्ही तुम्ही सारखेच आवळलेत.”

“का?” त्यांनी विचारलं.

“आवाज यायचा. मुलं हसायची.”

“मग सांगायचं.”

“तुम्हाला वाईट वाटलं असतं.”

“वाईट,” ते म्हणाले. त्या शब्दाची चव घेतल्यासारखं पुन्हा म्हणाले, “वाईट.” मग, “गॅस कुठे गेला?”

“गेला. हवेत.”

“एवढ्या वर्षांत मी कुणाच्या मशीनचा गॅस असा हवेत सोडला नाही. ज्यांनी मला दारातून हाकललं त्यांचाही नाही.” त्यांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं. “मी कप दोन्ही हातांनी धरत होतो. पाहिलंस ना?”

“पाहिलं.”

“चमचा वाजला की थांबत होतो.”

“पाहिलं, बाबा.”

“पाहत बसलीस.”

तिने नटावरचे पाने काढून घेतले. खालून कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं, बराच वेळ.

बाबांनी तिच्या हातातून दोन्ही पाने घेतले, फडक्याने मुठी पुसल्या, आणि आत गेले. पिशवी भरल्याचा आवाज आला. मग स्पीकरवर फोन.

“आहे का कपाट, की टाकलंत दुसऱ्याच्या गळ्यात?”

“कुठलं हो! तुमचीच वाट बघतंय!”

“येतो.”

ती पायताण घालायला पुढे झाली. पिशवी जड असते, जिन्यात ती नेहमी एक बाजू धरायची. बाबांनी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि दार ओढून घेतलं. हळूच, आवाज न करता.

*

नवीन एसी आला. बसवायला दोघे आले, भराभर बसवून गेले. बाबा तेवढा वेळ आपल्या खोलीत होते. दुसऱ्या दिवशी ती वर्ग घेत असताना ते गॅलरीत गेले आणि सगळे नट एकदा पान्याने तपासून आले. तिने विचारलं, “ठीक आहेत ना?” ते म्हणाले, “ठीक आहेत.” चिमे म्हणाले नाहीत. त्या उन्हाळ्यात म्हणालेच नाहीत.

हॉल आता इतका शांत असतो की जिन्यातली पावलं ऐकू येतात. मुलांना शिकवता शिकवता ती पावलं ओळखते: हे बाबा, कामावरून आले, पिशवी एका पायरीवर टेकवली, दम घेतला, पुन्हा उचलली.

नट ढिला करायच्या आदल्या आठवड्यात बाबांनी एका गिऱ्हाइकाला फोनवर सांगितलं होतं, “फार जुना झालाय तुमचा एसी, दुरुस्तीच्या नादी लागू नका, सरळ नवीन घ्या,” आणि ती तेव्हा शेजारच्याच खुर्चीत बसून उद्याची गणितं काढत होती.