धूळ उठेपर्यंत एकच गाणं

व्हर्लीन टन्स्टॉलला एका गोष्टीची पक्की खात्री होती: अख्ख्या टेट काउंटीत तिच्याइतकी झकास गिटार वाजवणारी सोळा वर्षांची मुलगी दुसरी नाही.

"अशा मुली आहेत तरी किती?" तिचा चुलतभाऊ ओथा रे विचारायचा, आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. "एक. आणि तीच पहिली आली. अभिनंदन, बाई!"

व्हर्लीनला असल्या बोलण्याचं काहीच वाटायचं नाही. ब्लूज हा संगीतप्रकार तिच्या घरचाच होता. तिचे आजोबा लूशियस टन्स्टॉल चाळीस वर्षं ऑगस्टमधल्या बोकडाच्या पिकनिकला वाजवत आले होते. दुपारी चारला ओकच्या झाडाखाली खुर्ची टाकायची, बूट आपटायचा आणि सुरू. गेल्या हिवाळ्यात ते गेले. मागे राहिली त्यांची लाल गिटार आणि एक कॅसेट. विद्यापीठातला कुणी माणूस घरी येऊन त्यांची सात गाणी टेप करून गेला होता, ती. व्हर्लीनने ती कॅसेट इतकी घासली की आजोबा कुठल्या ओळीआधी खाकरतात, हेसुद्धा तिला पाठ झालं.

पिकनिक भरायची एल्रॉयकाकांच्या आवारात. आजोबांना पुरून आल्यावर सगळे जेवायला बसले, तेव्हा काकांनी हातातली कोंबडीची तंगडी उंचावून जाहीर केलं, "यंदापासून आपल्याकडे डीजे. मेम्फिसचा आहे, माझ्या चांगल्या ओळखीचा."

"आजोबांच्या खुर्चीवर डीजे?" व्हर्लीन उभीच राहिली. "काका, मी वाजवीन."

"तू आधी बीजगणितात पास हो," काका म्हणाले, आणि सगळं टेबल हसलं.

त्या हसण्याने तिच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की दुसऱ्याच दिवशी तिने बँड काढायला घेतला. ती खुर्ची तिला हवी होती. आणि ऑगस्ट यायला सात महिने होते.

ओथा रे शाळेच्या संचलनाच्या बँडात ड्रम वाजवायचा. एक-दोन-तीन-चार मोजत तो झोपेतही वाजवू शकला असता. त्याला पटवायला फार वेळ लागला नाही. मुली बघायला येतील एवढं सांगितलं, झालं. खरी अडचण दुसऱ्या गिटारची होती. तिकडच्या टेकड्यांतल्या ब्लूजला दोन गिटारी आणि एक ड्रम लागतो, आणि आजोबांबरोबर दुसरी गिटार वाजवलेलं माणूस एकच उरलं होतं: मिस आयझोला बँक्स. वय अडुसष्ट. दर रविवारी पांढरा पोशाख, पांढरे हातमोजे घालून चर्चच्या दारात उभी राहणारी, आणि च्युइंगम खाणाऱ्या पोरांनी ते काढून द्यावं म्हणून मुकाट हात पुढे करणारी. तीस वर्षांपूर्वी तिने ब्लूज सोडला होता.

"मी शब्द दिलाय, पोरी," ती जाळीच्या दारामागूनच म्हणाली. "सैतानाचं संगीत पुन्हा वाजवणार नाही म्हणून."

"शब्द कुणाला दिलात, मिस आयझोला? देवाला की रेव्हरंडना?"

मिस आयझोलाने जरा आठवून बघितलं. "रेव्हरंड गॅडीला."

"ते तर वारले."

"नव्वद सालीच."

"मग तो शब्द आता आहे कुणाकडे?"

म्हातारीने कडी काढली. "जीभ अगदी लूशियसची घेतलीयस. आण ती गिटार इकडे. रविवारी मात्र हात लावणार नाही, सांगून ठेवते."

बँडच्या नावावरून भांडण झालं. व्हर्लीनने सुचवलेलं नाव होतं 'व्हर्लीन आणि इतर'. "आम्ही इतर?" ओथा रे ओरडला. शेवटी मिस आयझोलाने रस्त्यावरच्या पाटीकडे बोट दाखवलं आणि बँडचं नाव 'टन्स्टॉल रोड' पडलं.

मग काय विचारता! शाळेत भरलेल्या खुल्या स्पर्धेत पहिला नंबर आला. अग्निशमन केंद्राने घातलेल्या माशांच्या गावजेवणात वाजवलं, तिथून पुढच्या जेवणाचं आमंत्रण आलं. मे महिन्यात जवळच्या ऑक्सफर्ड गावातल्या एका कॅफेत कॉलेजची मुलं डोळे मिटून, माना हलवत ऐकत बसली आणि प्रत्येक गाण्यानंतर उभं राहून टाळ्या वाजवल्या. वर्तमानपत्रात फोटो आला. व्हर्लीनने गाणी अगदी घासूनपुसून बसवली होती, कॅसेटवर जशी होती तशीच. प्रत्येक गाणं साडेतीन मिनिटांचं. चार कडवी, मग तिघांनी एकदम थांबायचं. ओथा रे मोजायचा, त्यामुळे एका मात्रेचीही चूक व्हायची नाही.

फक्त मिस आयझोला दर गाण्यानंतर म्हणायची, "झालं? मी तर आत्ता कुठे नीट टेकले."

व्हर्लीन हसून सोडून द्यायची. म्हातारी माणसं बोलतातच काहीतरी.

एल्रॉयकाकांनी तो फोटो बघितला होता. त्यामुळे ऑगस्टात ते थोडे नरमले, पण थोडेच. "एक गाणं," ते म्हणाले. "एकच. धूळ उठली तर संध्याकाळपर्यंत आवार तुमचं, आणि पुढल्या वर्षीही तुमचं. नाही उठली तर डीजे लावणार, आणि मग पुन्हा माझ्या कानाशी भुणभुण नको."

धूळ म्हणजे नाचणाऱ्यांच्या पायांची. ओकखालच्या त्या लाल मातीत गवताचं पातं उगवत नव्हतं, ते उगीच नाही.

चार वाजले. बोकड सकाळपासून निखाऱ्यावर होता, आणि दीडशे माणसं पांढऱ्या पावात तो गुंडाळून बोटं चाटत होती. काळा चष्मा घातलेला डीजे आपल्या कपाटाएवढ्या स्पीकरांना टेकून उभा होता. व्हर्लीन आजोबांच्या खुर्चीत बसली आणि तिने सुरुवात केली. काय वाजवलं तिने! माना हलायला लागल्या, पाय ठेका धरायला लागले. तिची थोराड आतेबहीण डॉट हिने ताट खाली ठेवलं, हात पुसले, नवऱ्याला सदऱ्याला धरून उठवलं, त्याला ओढत झाडाखाली आणलं, त्याच्या खांद्यावर हात टाकला...

आणि गाणं संपलं. एकदम. साडेतीन मिनिटं, नेमकी.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्लीनने उठून वाकून अभिवादनही केलं. मग तिचं लक्ष जमिनीकडे गेलं. धूळ ढिम्म बसलेली होती.

"अगं ए!" डॉट ओरडली. "हे काय? मी आत्ता ताट ठेवलं!"

काकांनी डीजेकडे वळून हात वर केला.

व्हर्लीनचे कान तापले. एकही चूक झाली नव्हती! "मी कॅसेटवर आहे तस्संच वाजवलं," ती मिस आयझोलाला कुजबुजली. "आजोबा इथेच थांबतात!"

"थांबतात कसले? त्या विद्यापीठवाल्याकडे टेप मोजकीच होती. दर गाण्याला हात हलवून हलवून तो लूशियसला आवरायला सांगत होता. मी तिथेच शेंगा सोलत बसले होते. लूशियस कधी गाणं संपवायचा नाही गं. लोक दमले की ते संपायचं."

"हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"रोज तर सांगत होते!"

डीजे वायर जोडायला वाकला होता. व्हर्लीन परत खुर्चीत बसली. "काका! तुम्ही एक गाणं म्हणाला होतात!"

"झालं ना ते."

"कुठे झालं? मी श्वास घेत होते." आणि तिने तीच धून पुन्हा धरली.

"अगं, कितव्या मात्रेवर येऊ?" ओथा रे रडकुंडीला आला.

"मोजू नकोस! डॉटच्या पायांकडे बघ!"

ओथा रेने पाहिलं. डॉटचे पाय एक-दोन-तीन-चार असे पडतच नव्हते; ते मनात येईल तिथे पडत होते आणि तरी बरोबर पडत होते. त्याचा हात आधी अडखळला, मग सैल सुटला. मिस आयझोलाने डोळे मिटले आणि एक स्वर असा काही धरून ठेवला की रेव्हरंड गॅडी थडग्यात कुशीवर वळले असतील. चारही कडवी संपली. पुढे काय? व्हर्लीनने समोर दिसेल ते गायला घेतलं:

"काका माझे शहाणे, डीजे आणला भारी,
त्याच्या हाती बटणं, माझी माणसं सारी!"

हशा पिकला, आणि हसणारे सगळे झाडाखाली आले. मग तिने डॉटच्या नवऱ्यावर कडवं रचलं, बोकडावर रचलं, बीजगणितावर रचलं. धूळ घोट्यापर्यंत आली, गुडघ्यापर्यंत आली, मग डीजेच्या काळ्या चष्म्यावर बसली. त्याने चष्मा काढून पुसला, खिशात टाकला आणि तोही नाचायला लागला. एल्रॉयकाका काहीतरी सांगायला पुढे झाले, पण त्यांना ठसका लागला. काकूने त्यांची टोपी काढून घेतली आणि त्यांना गर्दीत ओढलं.

ते गाणं पंचावन्न मिनिटं चाललं. डॉट मटकन बाकावर बसली तेव्हा व्हर्लीन थांबली. या वेळी टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. एकाचाही हात उचलत नव्हता.

"दुसरं वाजवा की!" धुळीतून काका खोकत ओरडले.

आठवड्याभरात काउंटीभर बातमी पसरली, आणि ऑक्टोबरात मेम्फिसच्या महोत्सवातून फोन आला. नेमकी बीजगणिताची वही उघडलेली होती. व्हर्लीनने ती आनंदाने मिटली.

"तुमच्याकडे गाणी किती आहेत?" पलीकडच्या माणसाने विचारलं.

"सात."

"एवढीच? मग किती वेळ लागेल?"

"तुमच्याकडची माणसं लवकर दमतात का?" व्हर्लीनने विचारलं.

त्या माणसाने कार्यक्रमात 'टन्स्टॉल रोड'ला सगळ्यात शेवटी ठेवलं, म्हणजे मागे कुणी खोळंबायला नको.