सरळ चालण्याचा चमत्कार

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरीही मधला लाल गालिचा मात्र रिकामा होता. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत तो नाकासमोर अंथरला होता. दोन्ही अंगांना खुर्च्या, आणि खुर्च्यांवर कुबड्या, काठ्या, गुडघ्याचे पट्टे आणि त्यांचे मालक. पूर्वी इथे सोफे आणि कपाटं विकायला मांडलेली असत. आता सांधेमहाराज गुडघे जोडत.

"तुटताना आवाज आला होता?" महाराजांनी समोर पाय पसरून बसलेल्या बस कंडक्टरला विचारलं.

"आला होता. पायरीवरून उतरलो, वळलो, आणि कट् झालं."

"मग काम सोपं आहे. धागा ज्या आवाजानं तुटतो, त्याच आवाजानं जुळतो. सर्जन काय करतो? हाडाला भोकं पाडतो. मला सांगा, भोक पाडून कुणी बादली दुरुस्त करतं का?"

हॉल हसला. महाराजांनी मलमाची चपटी डबी तळहाताखाली धरली, गुडघा कुरवाळला, डोळे मिटले. सगळ्यांनी श्वास रोखला. 'कट्.' शेवटच्या रांगेलासुद्धा ऐकू गेलं.

"ऊठ. चाल. आणि मागे वळून पाहू नकोस. वळलास की गुण गेला."

कंडक्टर उठला. काठीविना गालिच्यावरून तरातरा चालत थेट मागच्या दारानं बाहेर पडला. टाळ्यांनी छत उडायचं बाकी राहिलं.

तिसऱ्या रांगेत बसलेल्या ताईनं टाळी वाजवली नाही. तिचं बाजारात काचेचं दुकान होतं. खिडक्या, आरसे, जिन्याची तावदानं, सगळं ती आणि तिचा धाकटा भाऊ मिळून मापायचे, कापायचे आणि बसवायचे. धाकट्यानं काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या फुटबॉलमध्ये डावा गुडघा पिरगाळून घेतला होता. आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटल्याचं एमआरआयमध्ये दिसलं होतं. सोमवारी शस्त्रक्रिया ठरली होती, आणि ती टाळण्यासाठी तो इथे आला होता. त्याला आणणारी मावशी शेजारी बसून डोळे पुसत होती.

"बघितलंस? काठी टाकून गेला," मावशी म्हणाली.

"बघितलं. त्याच्या चपला कुठे आहेत?"

"तुला चपलांचं काय पडलंय गं?"

पण ताईला पडलं होतं. सगळ्यांनी चपला पुढच्या दाराशी काढल्या होत्या, आणि एक सेवेकरी कंडक्टरच्या चपला उचलून इमारतीला वळसा घालून मागच्या दाराकडे धावत निघाला होता. एवढी बडदास्त कशासाठी, हे तिला कळेना. तेवढ्यात धाकट्याचा नंबर लागला. मलम, डोळे, कट्. तोही चालत गेला, न लंगडता. त्याच्याही चपला त्याच्या आधी मागच्या दारी पोचल्या होत्या.

"ताई, खरंच काही दुखत नाही," तो रस्त्यावर म्हणाला. "सोमवारचं रद्द करून टाकतो. शाळेच्या जिन्याच्या काचा तशाच पडून आहेत."

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा इतका मोकळा तिनं गेल्या कित्येक दिवसांत पाहिला नव्हता, आणि चपला सोडल्या तर तिच्याकडे मुद्दा नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांनी दुकानात एक छोटा आरसा उचलून पाहिला. काच नेण्याची त्यांची वडिलांपासूनची रीत होती. धाकटा पुढे, ताई मागे, आणि पुढच्यानं तोंडानं सांगितल्याशिवाय वळायचं नाही. 'वळतोय' म्हटलं की मागचा थांबतो, पकड बदलतो, मग दोघं मिळून फिरतात. न सांगता वळलं तर काच एकाच्या मनगटावर येते. तिच्या डाव्या मनगटावर तशी एक जुनी खूण होतीच.

काउंटरपर्यंत सगळं सुरळीत झालं. तिथे वळायचं होतं, आणि धाकटा थांबला.

"बोल ना," ताई म्हणाली.

"महाराजांनी वळू नकोस म्हटलंय."

"किती दिवस?"

"गुण मुरेपर्यंत."

"मग तोवर आपण गिऱ्हाइकांना सांगूया, घर सरळ रेषेत बांधा," ताई म्हणाली आणि हसता हसता थांबली. "आरसा खाली ठेव. सावकाश."

तिला लाल गालिचा आठवला. एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर. चपलासुद्धा पुढे धाडलेल्या. त्या हॉलमध्ये कुणालाही वळावं लागत नव्हतं. लागू नये, एवढीच तर सगळी मांडणी होती. आणि हा उद्या तिथून थेट शाळेच्या जिन्यात जाणार होता, जिथे दर मजल्यावर वळण, हातात काच, आणि काचेच्या दुसऱ्या टोकाला ती.

"रद्द कर," ती म्हणाली. "पण डॉक्टरांच्या तोंडावर कर."

डॉक्टरीणबाईंनी वाद घातला नाही. "गुडघा तुझा आहे. फक्त एकदा इथे झोप." त्यांनी त्याचा उजवा पाय जरासा वाकवला, एका हातानं मांडी धरली आणि दुसऱ्यानं नडगी पुढे ओढली. ती किंचित हलली आणि ठक्कन थांबली. मग डावी ओढली. ती सरकली, आणि सरकतच गेली. धाकट्यानं मान उचलून पाहिलं.

"दुकानात ड्रॉवर आहेत?" बाईंनी विचारलं.

"आहेत."

"त्यातल्या एखाद्याचा अटकाव तुटला तर?"

"ओढला की हातात येतो."

"तुझा अटकाव तुटलाय. महाराजांनी ड्रॉवरला मलम लावलं."

"पण मी चाललो, डॉक्टर."

"चालणारच. मधल्या आठवड्यांत सूज उतरली, दुखणं उतरलं. सरळ चालायला या दोरीचं फारसं काम पडत नाही. ती लागते पाय रोवून अंग फिरवताना. तेव्हा गुडघा दगा देतो, आणि दर वेळी आतली गादी थोडी फाटू शकते. सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागते असंही नाही. बसून काम करणाऱ्याचं बऱ्याचदा नुसत्या व्यायामावर निभतं. तू काच घेऊन जिन्यात वळतोस."

"आणि तुम्ही भोकं पाडणार."

"पाडणार. मांडीच्या मागून एक कंडरा, म्हणजे स्नायूची दोरी, घेणार, हाडांत बोगदे करून ती त्यातून ओवणार, स्क्रूनं पक्की करणार. मग कित्येक महिने व्यायाम. त्यात चमत्कार काही नाही, कंटाळा मात्र भरपूर आहे." त्या हात धुवायला वळल्या. "तू बिजागरी बसवायला काचेला भोक पाडतोस, तेव्हा लोक तुला काच फोडणारा म्हणतात का?"

बाहेर जिन्याशी धाकटा कठडा धरून उभा राहिला. "ताई, मला भूल द्यायची भीती वाटते."

"मग तसं म्हण की. भीती वाटली तर मला सांगायचं. तिला महाराजांचा पत्ता कशाला द्यायचा?"

सोमवारच्या आदल्या दिवशी हॉल पुन्हा भरला. गुण आलेल्यांनी पुढे येऊन सांगायचं, अशी रविवारची पद्धत होती. कंडक्टर पहिल्या रांगेत होता. महाराजांनी धाकट्याला हाक मारली. "सांग बाळा, चालतोस ना?"

"चालतो. झकास चालतो," धाकटा गालिच्यावर उभा राहून म्हणाला. "आता एकच मागणं आहे. मला आल्या दारानं जायचंय."

महाराज हसले. "वळलास तर गुण जाईल."

"गुण मानेत आहे की गुडघ्यात? मी मागे बघत नाही, डोळे मिटून फिरतो."

"श्रद्धा नसेल तर फळ नाही."

"अहो महाराज, फिरू द्या की त्याला," मागून मावशी म्हणाली. "जुळलंय ना? माझा दिवसात शंभरदा वळणारा पोरगा आहे तो. नुसता सरळ जाणारा घेऊन मी काय करू?"

हॉलमध्ये खसखस पिकली. धाकटा मात्र वळला नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं आणि त्याला आता कारणही ठाऊक होतं. त्यानं कंडक्टरकडे पाहिलं. "काका, तुम्ही वळता का हो? इथे नको. घरी."

कंडक्टरनं गुडघ्यावर हात ठेवला. मग खालमानेनं म्हणाला, "वळताना टेबल धरतो. परवा धरायला काही नव्हतं, तर बसमध्येच खाली बसलो. सेवेकरी म्हणाले, तुम्ही मागे पाहिलं असणार. मला वाटलं, पाहिलंच असेल."

"मला पण हेच म्हणाले," खिडकीपाशी कुणीतरी बोललं.

"मी तर मानेला पट्टा बांधला होता, चुकून पाहू नये म्हणून," एक बाई म्हणाल्या.

मग एकेकजण बोलू लागला. कुणी न्हाणीघरात कोलमडलं होतं, कुणी दुकानाच्या दारात. प्रत्येकाला दोष आपलाच वाटला होता, म्हणून प्रत्येकजण गप्प होता. महाराजांच्या कलेचा खरा धागा हाच होता, आणि तो मात्र पक्का जुळला होता. चाललात तर महाराजांची कृपा, पडलात तर तुमची मान.

"पण तो आवाज?" मावशीला अजून चैन नव्हतं. तिनं पिशवीतून महाराजांकडूनच घेतलेली मलमाची डबी काढली. ताईनं ती घेतली आणि फुगीर झाकणावर अंगठा दाबला.

'कट्.'

"अगं बाई," मावशी म्हणाली, "मग माझी डबी रोज जुळतेय."

हॉल असा हसला की महाराजांना पुढचं बोलायला फट मिळेना. ते मागच्या दाराकडे निघाले. सरळ, झपझप, मागे वळून न पाहता. त्यांच्या चपला मात्र त्या दिवशी कुणी पुढे नेऊन ठेवल्या नव्हत्या.

सोमवारी धाकटा भूल देणाऱ्या डॉक्टरांशी आपल्या भीतीबद्दल स्वतःच बोलला, आणि शस्त्रक्रिया झाली. पुढचा काळ डॉक्टरीणबाईंनी कबूल केल्याप्रमाणे कंटाळ्याचा गेला. भिंतीला टेकून बसणं, पायरी चढणं, एका पायावर उभं राहणं. मावशी समोर बसून मोजायची आणि मोजताना चुकायची, म्हणून त्याला जास्तच करावं लागायचं. कंडक्टरही त्याच व्यायामाच्या खोलीत यायचा. त्याला शस्त्रक्रिया लागते की नाही, हे डॉक्टर तपासून ठरवणार होत्या. महाराजांनी तेवढं विचारलंही नव्हतं.

शाळेचा जिना सरतेशेवटी पुढच्या सत्रात झाला. पहिल्या मजल्याच्या वळणावर धाकटा काचेसह थांबला. मागे ताई थांबली.

"वळतोय गं."

तिनं पकड बदलली. "वळ."

तो पाय रोवून फिरला. गुडघा जागच्या जागी राहिला. कसलाही आवाज झाला नाही, आणि टाळी वाजवायला दोघांचेही हात मोकळे नव्हते.

तेव्हा कुणी तुमच्यासमोर चमत्कार करून दाखवलाच, तर त्याच्याशी भांडू नका आणि लगेच पायाही पडू नका. त्यानं जे दाखवलं ते पाहा, आणि जे टाळलं तेही पाहा. मनाई कशाला आहे आणि ती कुणाच्या सोयीची आहे, एवढं विचारा. बरं करणारा माणूस 'का' या प्रश्नाला घाबरत नाही. आणि टाळी वाजवायच्या आधी नम्रपणे म्हणा, सरळ चालून झालं, आता जरा वळून दाखवा.