ताप्तीच्या पाण्याची चव

जिल्ह्यावरून हिंदीत पत्र आलं: ‘तटीय पारितंत्र भ्रमण’. सातवीच्या मुलांना तटावर न्या, तिथली खारी दलदल, झाडं, प्राणी दाखवा आणि सोबतचा तक्ता भरून पाठवा. ज्याचा तक्ता उत्तम, त्याला दोन दिवस खऱ्या समुद्रावर नेणार.

हे पत्र किनाऱ्यावरच्या एखाद्या राज्यासाठी लिहिलं असावं आणि वाट चुकून बुऱ्हाणपुरात आलं असावं. पण आमच्या मराठी शाळेचे हेडमास्तर दिगंबर सर वरून आलेल्या पत्राला उलट विचारत नाहीत. “तट म्हणजे तट,” ते म्हणाले. “आपल्याला ताप्तीचा आहे.” अडतीस मुलं घेऊन आम्ही राजघाटावर गेलो.

तक्त्यात रकाने होते. भरतीची वेळ सरांनी नावाड्याला विचारली. तो म्हणाला, “कोणाची, पोलिसांची?” सरांनी सकाळी साडेनऊ लिहायला लावलं. काठावरचं बेशरमाचं रान खारफुटी म्हणून नोंदलं गेलं. म्हशी बसून झालेला चिखल ही दलदल. खेकडा एक सापडला, तो गोड्या पाण्यातला होता, पण त्याला कुणी विचारलं नाही.

“पाण्याची चव,” सर म्हणाले, “खारट.”

सदतीस पेनं चालली. भूमिकाचं थांबलं.

भूमिका बहादरपूरच्या केळीवाल्यांची. समुद्राला समोरचा काठ नसतो हे खरं का, असं पत्र आल्यापासून ती मला रोज विचारत होती. तिनं ओंजळभर पाणी तोंडात घेऊन पाहिलं. “सर, खारट नाहीये.”

“अगं, खारट नसेल तर तक्ता जाणार नाही. तक्ता नाही तर समुद्र नाही. बघ आता तुझं तू.”

ती माझ्याकडे आली. घाबरली की ती हिंदीत जाते. “मॅडम, पानी तो मीठा है. झूठ कैसे लिखूँ?”

“जसं बोललीस तसंच लिही,” मी म्हटलं.

तिनं लिहिलं: मीठा.

दिगंबर सरांचा मराठीचा अभिमान कडक. शाळेच्या फाटकाच्या आत हिंदी शब्द त्यांना ऐकूच येत नाही, दिसतही नाही. तक्ता वाचून ते खूश झाले. “मिठाचं म्हणायचंय पोरीला. शुद्धलेखन कच्चं, पण निरीक्षण पक्कं. बाकीच्यांनी नुसतं खारट लिहिलं, हिनं कारण दिलं.” तिचा तक्ता सगळ्यांत वर ठेवून त्यांनी सही केली. मी मराठी शिकवते, चूक दुरुस्त करणं माझं काम होतं. मी फायलीची दोरी बांधली.

पंधरा दिवसांनी जिल्ह्यावरून फोन आला. साहेबांचा आवाज दारापर्यंत ऐकू येत होता. “पूरे ज़िले में ताप्ती खारी निकली, मास्टरजी. एक आप ही की बच्ची ने मीठा लिखा. उसी को भेज रहे हैं.”

सर उभ्यानं “जी, जी” करत राहिले. फोन ठेवल्यावर त्यांनी तक्त्याची झेरॉक्स काढली आणि ‘मीठा’वर बोट ठेवलं. “मॅडम, तुम्हाला ठाऊक होतं?”

“शब्द बरोबरच होता, सर. फाटकाबाहेरचा होता, एवढंच.”

दुपारी फळ्यावर अभिनंदन आलं: ‘सत्य निरीक्षणाची आमची परंपरा’. खाली सरांचं नाव, त्याखाली भूमिकाचं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत भूमिका आली, चेहरा पाडून. “मॅडम, आई नाही म्हणते. इतक्या पाण्यावर पोर धाडायची नाही म्हणते. तुम्ही फोन करा ना. सांगा, समुद्र घोट्याएवढाच असतो.”

“आता खोटं चालतं का गं तुला?”

“हे तक्त्यात थोडीच लिहायचंय.”

मी फोन लावला. समुद्र मी कधी पाहिलेला नाही. त्यामुळे अगदी खात्रीनं सांगितलं.